पाच थर पाठ करून पार्लरमध्ये काय उपयोग?

प्रश्न असा आला आहे : "ताई, मी सहा महिन्यांचा ब्यूटी पार्लरचा कोर्स करतेय. थिअरीला त्वचेचे पाच थर, ग्रंथी, जंतू असं सगळं आहे. पाठ होतंय, पण थ्रेडिंग-वॅक्सिंग करताना त्याचा उपयोग काय ते कळत नाही. आमच्याकडे सगळी हत्यारं डेटॉलच्या पाण्यात बुडवून ठेवतात, तेवढं पुरतं का? आणि दोरा दातात धरू नये असं पुस्तकात लिहिलंय, पण वर्गात सगळ्याच दातात धरतात. खरं काय करायचं?"

अगं, डोंबिवलीत पार्लर चालवून मला २३ वर्षं झाली. पाच थरांची नावं मलाही आज एका दमात सांगता येतील की नाही, शंकाच आहे. पण त्यातल्या एका थराने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या बाईंनी शिकवलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम. चेहऱ्यावर त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन. तुझ्या वहीचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे कागदाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या पडद्यावर आपण वॅक्स लावतो, स्क्रब घासतो, ब्लीच थापतो. क्लासमध्ये या थराला "मृत पेशी" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. मृत म्हटलं की मुलींना वाटतं कचरा आहे, घासून काढायचा. तो कचरा नाही, ते छप्पर आहे. कोकणातलं कौलारू घर डोळ्यांसमोर आण. कौलं एकमेकींवर चढवून बसवलेली असतात, तशा या चपट्या पेशी, आणि मधल्या फटींमध्ये मेणासारखं स्निग्ध द्रव्य. आतलं पाणी बाहेर उडू न देणं आणि बाहेरचे जंतू आत येऊ न देणं हे काम याच थराचं. दर आठवड्याला दाणेदार स्क्रबने चेहरा घासणारी मुलगी म्हणजे ऐन मृगात छपरावरची कौलं उतरवणारा माणूस.

नवी कौलं येतात, पण त्यांच्या चालीने. सगळ्यात खालच्या बेसल थरात पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते आणि शेवटी गळून पडते. तरुण वयात या प्रवासाला साधारण २८ दिवस लागतात, चाळिशीनंतर त्याहून जास्त. फेशियल महिन्यातून एकदा असं आपण सांगतो, त्यामागचं गणित हेच. पंधरा दिवसांनी परत आलेल्या बाईला "मॅडम, अजून आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या" म्हणायला जीभ जड होते, गिऱ्हाईक हातचं जातं असं वाटतं. पण अशाच बायका पुढे दहा-दहा वर्षं टिकतात.

जाता जाता एक परीक्षेचं. पाच थर म्हणून जे पाठ करतेस त्यातला ल्युसिडम चेहऱ्यावर नसतोच. तो फक्त तळहात आणि तळपायाच्या जाड कातडीत असतो. तोंडी परीक्षेत हे आवर्जून विचारतात.

आता माझी फजिती सांगते. पार्लरला तिसरं वर्ष होतं, लग्नसराई, दुपारपासून पाणी प्यायला उसंत नाही. एक तिशीतली बाई अपरलिप वॅक्सला आली. मी वॅक्स लावलं, पट्टी दाबली, ओढली. पट्टीवर केसांबरोबर एक पातळ पापुद्रा आला, आणि ओठाच्या वर अंगठ्याच्या नखाएवढा भाग गुलाबी, ओलसर, चकचकीत दिसायला लागला. कांद्याची साल काढल्यावर खालचा पापुद्रा चमकतो ना, तसा. ती बाई किंचाळलीही नाही, नुसते डोळे भरून आले. मी वॅक्सला दोष दिला, गरम जास्त झालं असेल म्हणाले. खरं कारण दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. मुरमांसाठी डॉक्टरांनी तिला रात्री लावायचं अ‍ॅडापलिन जेल दिलं होतं. ही रेटिनॉइड औषधं पेशींची गळती वेगात करतात आणि वरच्या थराची पकड सैल करतात. सैल झालेल्या कौलांवर मी चिकट वॅक्स लावून हिसका दिला होता. जखम आठवड्यात भरली, पण काळा डाग सहा महिने राहिला. मला प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं, एवढाच माझा गुन्हा, पण चेहऱ्यावर डाग घेऊन ती फिरली.

तेव्हापासून काउंटरवर वही असते. चेहऱ्यावर काही लावता का, मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का, शुगर आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. चेहऱ्याला लावायचं रेटिनॉइड असेल तर निदान आठवडाभर बंद ठेवल्याशिवाय तिथे वॅक्स नाही. मुरमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या चालू असतील तर वॅक्स नाहीच, आणि गोळ्या थांबल्यावरही सहा महिने नाही. आणि बायकांना "औषध घेता का" असं विचारलंस तर उत्तर "नाही" येतं, कारण क्रीमला कोणी औषध समजत नाही. "रात्री झोपताना काय लावता?" असं विचार, मग ट्यूबचं नाव बाहेर येतं.

तो डाग सहा महिने का राहिला, हे सगळ्यात खालच्या थराने समजावलं. बेसल थरात मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या रंग किती आणि कसा बनवतात, यात. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत या पेशी चटकन चवताळतात. चटका, जोरात चोळणं, दाबून फोडलेलं मुरूम, काहीही झालं की तिथे रंग सांडतात. परदेशी व्हिडिओत दाखवलेलं तीव्र पील पाहून आपल्या गिऱ्हाइकावर प्रयोग करू नये, ते यासाठी. तिथे दोन दिवस लाली राहते, इथे दोन महिने काळपटपणा. आणि वांग असलेल्या चेहऱ्याला तर हात लावायच्या आधी दहा वेळा विचार कर. गरम वाफ आणि जोराचा मसाज दिलास तर वांग आणखी गडद होऊ शकतो.

टॅनसुद्धा मळ नव्हे. उन्हापासून बचावासाठी त्वचेने स्वतः उघडलेली छत्री आहे ती. डी-टॅनचा पॅक लावल्यावर जो उजळपणा दिसतो तो बहुतेक वेळा लव ब्लीच झाल्याचा आणि वरच्या पेशी निघाल्याचा असतो. बाईला ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. मी सांगते, आणि सोबत सनस्क्रीन लावायला सांगते. वाफेने रोमछिद्रं उघडतात आणि बर्फाने बंद होतात, हेही पार्लरमधलं जुनं पुराण. छिद्रांना उघड-झाप करायला स्नायू नसतो. वाफेने आतला तेलकट भाग मऊ होतो, म्हणून ब्लॅकहेड सुटतो. आणि ब्लॅकहेडचा काळा रंग धुळीचा नसतो. तोंड उघडं असल्यामुळे आतलं मेलॅनिन आणि तेल हवेला लागून काळं पडतं. घासून जाणार नाही ते.

पीएचवर, म्हणजे आम्ल-अल्क मोजायच्या मापावर, एक प्रश्न हमखास असतो, तोही कामाचा आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साधारण ४.५ ते ५.५. अंगाला लावायचा साधा साबण ९-१० च्या घरात. म्हणून साबणाने तोंड धुतल्यावर ओढल्यासारखं होतं. ब्लीच क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. अमोनिया त्वचेला अल्कधर्मी बाजूला ढकलतो, कौलं ढिली होतात. आता विचार कर, एकाच बैठकीत फेस वॅक्स, त्यावर ब्लीच, त्यावर स्क्रब. "पॅकेज" म्हणून हे सर्रास विकलं जातं. छप्पर उतरवलं, वर अल्क ओतलं आणि मग घासलं. संध्याकाळी बाईचा फोन येतो, चेहरा जळतोय. लिंबू आणि खायचा सोडा हे घरगुती आहेत म्हणून सौम्य आहेत असंही समजू नकोस. लिंबाचा रस पीएच २ च्या आसपास, सोडा ८ च्या वर.

आता कोणाला हात लावायचा नाही ते सांगते, कारण या धंद्यात "नाही" म्हणता येणं ही कला थ्रेडिंगपेक्षा अवघड आहे.

कमरेवर, जांघेत, काखेत गोल चट्टा. कडा लालसर आणि उंच, मधला भाग त्या मानाने साफ, आणि खाज. हा नायटा. बाई म्हणेल, घामोळं आहे. त्यावरून वॅक्सची पट्टी किंवा टॉवेल फिरला तर तो पुढच्या बाईला भेट जातो. ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका असेल तर हर्पीस. त्या दिवशी अपरलिप नाही, मग वऱ्हाड दारात उभं असलं तरी. चामखिळीवरून दोरा फिरवलास तर तिचे विषाणू भुवईच्या रेषेत पेरले जातात, आणि दोन महिन्यांनी तिथे बारीक चपट्या चामखिळींची रांग दिसते. मी अशी रांग दोनदा पाहिली आहे.

आणि एक चेहरा ओळखायला शीक. कातडी पातळ, लालसर, गालावर बारीक रक्तवाहिन्या दिसतात, हनुवटीवर लव वाढलेली, ऊन लागलं की जळजळ. विचारलं तर कळतं की मैत्रिणीने सांगितलेली किंवा मेडिकलमधून आणलेली "गोरं करणारी" क्रीम वर्षभर चालू आहे. तिच्यात स्टेरॉइड असतं; मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं ट्यूबवर बारीक अक्षरात वाचायला मिळतील. २०१८ साली सरकारने अशी त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. मिळतात. अशा चेहऱ्याला फेशियल, ब्लीच काहीच करू नकोस, आणि "आजपासून बंद करा" असंही तू सांगू नकोस. एकदम बंद केलं की चेहरा आणखी भडकतो, मग ती परत तीच ट्यूब घेते. स्किनच्या डॉक्टरकडे पाठव, ते हळूहळू सोडवतात.

आपल्याकडची म्हणून एक खास गोष्ट : टिकलीच्या जागी, अगदी टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग. थ्रेडिंगला आलेली बाई टिकली काढते तेव्हा पहिल्यांदा तो आपल्यालाच दिसतो. घरात कोड म्हणून रडारड झालेली असते. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंगपेशींना मारतं. टिकली ताबडतोब बंद करायला सांग आणि डॉक्टरांकडे पाठव. लवकर थांबवलं तर रंग परत यायची शक्यता असते. त्यावर कुंकवाने झाकण घालून देणाऱ्या पार्लरवाल्याही आहेत, तू त्यातली होऊ नकोस.

केसांच्या डायचं थोडक्यात. काळ्या डायमध्ये आणि "काळी मेहंदी" म्हणून विकतात त्यात पीपीडी नावाचं रंगाचं रसायन असतं. त्याची अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही, दोन-दोन दिवसांनी उठते. म्हणून कानामागे थोडा डाय लावून ४८ तास थांबायचं. "अमोनिया फ्री" लिहिलेल्या डब्यातही पीपीडी असू शकतं.

स्वच्छतेला फाटा दिला नाही, तिच्याकडेच येत होते. वॅक्स ओढलं की प्रत्येक केस मुळासकट निघतो आणि मागे एक उघडी खाच राहते. एका हातावर अशा हजारो. थ्रेडिंगने भुवईखाली, क्युटिकल कापल्याने नखाच्या कडेला, तेच. छप्पर आपण उघडलेलं असतं, मग आत काय शिरतं याची जबाबदारीही आपलीच. क्युटिकल म्हणजे नख आणि कातडी यांच्यामधलं सील आहे. ते हौसेने खोल कापलं की चार दिवसांत नखुर्डं. मी क्युटिकल मऊ करून मागे ढकलते, कापत नाही.

पार्लरमध्ये सगळ्या एचआयव्हीला घाबरतात. तो शरीराबाहेर फार टिकत नाही. मला भीती वाटते हिपॅटायटिस बीची. सुकलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तात हा विषाणू निदान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणजे सोमवारी एका बाईच्या क्युटिकलला लागलेला निपर (क्युटिकल कापायचा छोटा चिमटा) रविवारी दुसरीला आजार देऊ शकतो. त्याची लस आहे, तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. कोर्सची फी भरलीस, किट घेतलंस. ही लसही किटमधली वस्तू समज.

आता तुझं डेटॉलचं पाणी. सकाळी भरलेला तो दुधाळ पाण्याचा ग्लास, त्यात कात्री, प्लकर, निपर उभे, तळाशी केस आणि नखांचे तुकडे. संध्याकाळपर्यंत तेच पाणी. ते निर्जंतुक करणं नव्हे, ते लोणचं घालणं. करपलेलं दुधाचं पातेलं नुसतं उकळत्या पाण्यात ठेवून स्वच्छ होतं का? आधी घासावं लागतं. तसंच इथे. आधी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचं, सांध्यातली घाण काढायची, धुऊन कोरडं करायचं, मग जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक घाणीशीच लढत बसतं. धातूच्या हत्यारांसाठी मी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते, बुडवून १० मिनिटं. ९९ टक्के जास्त चांगलं असं दुकानदार सांगेल, ऐकू नकोस. जंतूंची प्रथिनं गोठवायला थोडं पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. रक्त लागलं असेल तर अल्कोहोलवर भागवू नकोस. तिथे धुऊन ऑटोक्लेव्ह. त्याचं तत्त्व आपल्या कुकरचंच, दाबाखालची वाफ, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. फरशीवर, टबवर रक्त पडलं तर ०.५ टक्के हायपोक्लोराइट, म्हणजे ५ टक्क्यांच्या जंतुनाशक ब्लीचचा (चेहऱ्याचं ब्लीच नव्हे) एक भाग आणि पाणी नऊ भाग, रोज ताजं. निपरला ते वापरू नकोस, गंजेल.

आणि ती निळा दिवा लागणारी पेटी, यूव्ही स्टरिलायझर. दिसायला झकास, गिऱ्हाईक खूश. पण प्रकाश जिथे पडतो तेवढंच काम. मिटलेल्या कात्रीच्या आत, ब्रशच्या केसांच्या मुळाशी तो पोचत नाही. धुतलेली हत्यारं झाकून ठेवायला कपाट म्हणून वापर, त्यापलीकडे नाही.

वॅक्सच्या डब्यात "गरम आहे, जंतू मरतात" हेही खोटं. कातडीला सोसवेल इतक्याच गरम वॅक्सने जंतू मरत नाहीत. वॅक्स लावायची पट्टी एकदा त्वचेला लागली की परत डब्यात बुडवायची नाही. आमच्या काळात जीन्सच्या कापडाच्या पट्ट्या धुऊन धुऊन वापरायचो आणि स्टीलची एकच सुरी दिवसभर डब्यात-अंगावर, डब्यात-अंगावर. आठवलं तरी अंगावर काटा येतो. आता वॅक्स लावायला लाकडी पट्ट्या मिळतात. एक बुडी, एक लेप, कचऱ्यात.

पेडिक्युअरच्या टबाबद्दल एक खरी घटना सांगते. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावी एका नेल सलूनमध्ये पाय भिजवून गेलेल्या शंभरहून अधिक बायकांच्या पोटऱ्यांवर गळवं उठली, महिनोन्‌महिने औषधं घ्यावी लागली. बुळबुळीत कोपऱ्यात वाढणारा एक चिवट जंतू निघाला, क्षयरोगाच्या जंतूचा लांबचा नातेवाईक. सापडला कुठे, तर पाणी खेळवणाऱ्या टबाच्या जाळीमागे, साचलेल्या केसांत आणि कातडीच्या भुग्यात. आणि ज्या बायका आधी पायांवरून रेझर फिरवून आल्या होत्या त्यांना धोका जास्त होता. पुन्हा तेच, उघडं छप्पर. आपल्याकडे साधा प्लास्टिकचा टब असतो, हे आपलं नशीबच म्हणायचं. घासायला जाळी नाही. प्रत्येकीनंतर घासायचा, धुवायचा, कोरडा करायचा. आणि शुगर असलेल्या बाईच्या टाचेला ब्लेड, कुरूप काढणं, काही नाही. तिला पायाला लागलेलं बरेचदा कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही.

राहिला दोरा. दातात धरलेल्या दोऱ्याने काम भरभर होतं, मीही तसंच शिकले. पण एकदा दिव्याखाली वापरलेला दोरा नीट बघ. वळलेल्या भागात तुटके केस, पावडर आणि कातडीचे बारीक पांढरे कण अडकलेले असतात. दोरा झिजला की आपण तो सरकवून घेतो, आणि तोच भाग दातांकडे येतो. तिची कातडी तुझ्या तोंडात, तुझी लाळ तिच्या ताज्या उघड्या खाचांवर. मास्क लावून दातात दोरा धरता येत नाही, हे कोविडने सगळ्यांना शिकवलं होतं, दोन वर्षांत विसरले.

मानेला दोरा अडकवून करायची सवय लागायला मला तीन आठवडे लागले. सुरुवातीला पकड येत नाही, कारण ताण दातांऐवजी खांद्यातून द्यावा लागतो. मान ताठ ठेव आणि पूर्ण वरचं अंग किंचित मागे ने. कुर्त्याची कॉलर किंवा दुमडलेला रुमाल मध्ये घे, नाहीतर पहिल्या आठवड्यात मानेवर वळ उठतील. सराव स्वतःच्या पोटरीवर कर, रोज वीतभर जागा. प्रत्येक बाईला नवा दोरा, आणि झालं की तो तिच्या देखत कचऱ्यात टाक.